देवधर आणि हजारे : दोन करंडकांचा इतिहास

काशीच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढून वर गेले की अरुंद गल्ल्यांच्या दाटीत मंगळागौरीचे देऊळ लागते. काशीकर त्या भागालाच मंगला गौरी म्हणतात. जवळच औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविलेले बिंदुमाधवाचे मंदिर आहे, आणि पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. कोणी वेदाध्ययनासाठी आले, कोणी काशीवासाच्या इच्छेने आले, कोणी एखाद्या संस्थानिकाच्या अन्नछत्राच्या आश्रयाने स्थिरावले. उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याच्या बाहेर हिंदी, अशी या घरांची रीत. अशा घरातील मुलगा क्रिकेटचे वृत्त वाचू लागला, आणि त्यात महाराष्ट्र विरुद्ध उत्तर प्रदेश असा सामना आला, तर त्याने कोणाचा विजय चिंतावा?

प्रश्न घरगुती वाटतो. परंतु भारतीय क्रिकेटच्या इतिहासात तो पुन:पुन्हा उभा राहिलेला आहे. संघ कोणाचा असतो? धर्माचा, प्रांताचा, संस्थानाचा, की केवळ व्यवस्थेच्या सोयीसाठी आखलेल्या विभागाचा? या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे या शंभर-सव्वाशे वर्षांत दिली गेली. मर्यादित षटकांच्या क्रिकेटसाठी भारतात ज्या राष्ट्रीय स्पर्धा निघाल्या, त्यांचे भवितव्यही अखेर याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरले. त्यांपैकी प्रमुख अशा दोन स्पर्धांना दोन मराठी खेळाडूंची नावे आहेत : दिनकर बळवंत देवधर आणि विजय हजारे. हे दोघे एके काळी एकाच संघातून खेळत होते, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यास झाला. १९११ मध्ये ते मुंबईच्या तिरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून प्रथम उतरले. त्या काळी मुंबईत युरोपियन, पारशी आणि हिंदू असे संघ धर्मावार व जातवार उभे राहत. १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला आणि तिरंगी सामने चौरंगी झाले. १९३७ मध्ये ‘इतर’ म्हणून पाचवा संघ आला आणि ते पंचरंगी झाले. मैदानावर अलोट गर्दी लोटे, खेळही उत्तम होई. परंतु देशातील वातावरण जसजसे तापू लागले, तसतशी या रचनेतील विसंगती डोळ्यांत सलू लागली. १९४० मध्ये महात्मा गांधींनी या सामन्यांविषयी आपली नापसंती उघडपणे व्यक्त केली, आणि १९४६ मध्ये ते कायमचे बंद झाले.

तत्पूर्वीच, १९३४-३५ मध्ये, रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली होती. तिने संघाचे परिमाण बदलले. धर्माच्या जागी प्रांत किंवा संस्थान आले, आणि खेळाडू कोणत्या मंदिरात वा मशिदीत जातो याला अर्थ उरला नाही. या नव्या रचनेत पुण्याचा महाराष्ट्र संघ देवधरांच्या नेतृत्वाखाली अग्रभागी आला. देवधर हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक. सकाळी कालिदास-भवभूती आणि सायंकाळी मैदान, असा त्यांचा दिनक्रम. १९२६ च्या डिसेंबरात आर्थर गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबई जिमखान्यावर अखिल भारतीय संघाकडून त्यांनी १४८ धावा काढल्या होत्या. भारताला कसोटी सामन्यांचा दर्जा ज्या प्रसंगांमुळे मिळाला त्यांत त्या दौऱ्याची गणना होते. परंतु १९३२ मध्ये भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा देवधरांनी चाळिशी गाठलेली होती. कसोटीचा मान त्यांना कधीच मिळाला नाही. तथापि, त्यांनी मैदान सोडले नाही.

१९३९-४० चा रणजी करंडक महाराष्ट्राने जिंकला. त्या वर्षी पुण्यात बडोद्याविरुद्ध सांगलीच्या एका चोवीस-पंचवीस वर्षांच्या तरुणाने नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक. तो तरुण म्हणजे विजय हजारे. अंतिम सामनाही पुण्यातच झाला, आणि त्यात महाराष्ट्रापुढे उभा होता संयुक्त प्रांताचा, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाचा संघ. महाराष्ट्राने तो सामना दहा गडी राखून जिंकला. मंगळागौरीच्या गल्लीतील मराठी घरांना, राहते ठिकाण आणि मातृभाषा यांच्यातील तिढा क्रिकेटपुरता तरी त्या वर्षी पुरेपूर अनुभवास आला असला पाहिजे. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने मद्रासमध्ये मद्रासचा पराभव करून अजिंक्यपद राखले.

काशीचाही त्या काळच्या क्रिकेटशी संबंध होता, परंतु तो निराळ्या वाटेने. विजयानगरमचे महाराजकुमार, ज्यांना सारे जग ‘विझी’ म्हणून ओळखत असे, ते काशीत वास्तव्य करून होते. १९३०-३१ मध्ये त्यांनी आपल्या संघात जॅक हॉब्ज आणि हर्बर्ट सटक्लिफ या थोर इंग्रज फलंदाजांना भारतात आणले. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर ते भारताचे कर्णधार होते, पुढे नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १९६५ मध्ये काशीतच निवर्तले. कर्तृत्वापेक्षा वैभवाच्या बळावर क्रिकेटमध्ये स्थान मिळण्याचा तो काळ होता. करंडकांना राजपुत्रांची नावे मिळत ती त्याच रीतीला अनुसरून. अर्थात रणजितसिंहजी व दुलीपसिंहजी हे दोघेही फलंदाज म्हणून थोर होते, हे विसरून चालणार नाही. या नामावळीत पुढे एका महाविद्यालयीन शिक्षकाचे नाव येऊन बसले, ही गोष्ट लहान नव्हे.

त्या पिढीच्या खेळाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. १९४०-४१ मध्ये पुण्यास महाराष्ट्र व मुंबई यांचा सामना झाला. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या; मुंबईने उत्तरादाखल ६५०. त्यात पन्नाशीच्या उंबरठ्यावर असलेल्या देवधरांच्या २४६ होत्या. १९४३-४४ च्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरीत ‘इतर’ संघाच्या एका डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. १९४४-४५ मध्ये नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतके झळकावणारे देवधर पन्नाशी ओलांडून गेलेले होते. १९४८ च्या डिसेंबरात भाऊसाहेब निंबाळकर पुण्यात काठेवाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद राहिले, आणि त्याच हंगामात मुंबई-महाराष्ट्र सामन्यात दोन्ही बाजूंनी मिळून २३७६ धावा निघाल्या. अमुक षटकांत डाव संपलाच पाहिजे असे या खेळाडूंना कोणी सांगितले असते, तर त्यांना तो विनोद वाटला असता. वेळ हे त्यांचे भांडवल होते.

परंतु भांडवल सगळ्यांपाशी सारखे नसते. नोकरदार खेळाडूला पाच-पाच दिवसांची रजा परवडत नसे, आणि अनिर्णित सामन्यांना प्रेक्षक कंटाळत. केरळात त्रिपुनितुरा येथे १९५१ च्या सुमारास सुरू झालेल्या पूजा स्पर्धेत षटकांची मर्यादा घालून एका दिवसात निकाल लावण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. मोठ्या क्रिकेटचे तिकडे फारसे लक्ष गेले नाही. इंग्लंडमध्ये परगणा संघांच्या सामन्यांना प्रेक्षक येईनासे झाले, तेव्हा १९६३ मध्ये जिलेट चषकाची स्पर्धा निघाली. पहिल्या वर्षी प्रत्येक डाव ६५ षटकांचा होता, दुसऱ्या वर्षापासून ६० षटकांचा झाला. ५ जानेवारी १९७१ रोजी मेलबर्न येथे पावसाने वाहून गेलेल्या कसोटीच्या बदली ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्यात एकदिवसीय सामना झाला, आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये हा प्रकार दाखल झाला.

भारतात १९७३-७४ च्या हंगामात देवधर करंडकाची स्पर्धा सुरू झाली. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम व मध्य हे जे पाच विभाग दुलीप करंडकासाठी १९६१-६२ पासून अस्तित्वात होते, तेच येथे स्वीकारण्यात आले. डाव ६० षटकांचा आणि स्पर्धा बाद पद्धतीची. पहिल्या वर्षी दक्षिण विभागाने पश्चिम विभागावर मात करून करंडक मिळविला. देवधर त्या वेळी ८१ वर्षांचे होते. ज्या प्रकारचा एकही अधिकृत सामना ते स्वतः कधी खेळले नव्हते, त्याच्या राष्ट्रीय स्पर्धेला त्यांचे नाव देण्यात आले. यात विसंगती असेलही, परंतु औचित्यही होते. देवधर हे मुळात चपळ पायांचे, आक्रमक वृत्तीचे फलंदाज. आणि शरीर सुस्थितीत ठेवण्याविषयीचा त्यांचा आग्रह तर सर्वश्रुत होता. पुढील काळात एकदिवसीय क्रिकेटने खेळाडूकडून ज्या गुणांची अपेक्षा केली, त्यांपैकी बरेचसे त्यांच्या ठायी होते.

हे विभाग आखताना भाषेचा विचार केलेला नव्हता. मुंबई व महाराष्ट्र हे पश्चिम विभागात पडले, आणि त्यांच्याबरोबर गुजरात, सौराष्ट्र व बडोदा. विदर्भ मध्य विभागात गेला, आणि १९८५-८६ मध्ये रणजी स्पर्धेत दाखल झालेला गोवा दक्षिण विभागात. म्हणजे एकच भाषा बोलणारे खेळाडू तीन विभागांत वाटले गेले. उलटपक्षी, नागपूरचा विदर्भ व काशी ज्यात मोडते तो उत्तर प्रदेश हे दोन्ही मध्य विभागात असल्यामुळे नागपूरकर आणि बनारसी हे एकाच संघाचे सहकारी ठरले. पंचगंगेच्या मराठी मुलापुढचा तिढा येथे आपोआप सुटला. परंतु तो सुटला तो निष्ठा नाहीशी होऊन, जुळून नव्हे. मध्य विभागासाठी हळहळणारा प्रेक्षक कोणत्या गावात होता?

तरीसुद्धा या स्पर्धेची कामगिरी नाकारता येणार नाही. ती सुरू झाली तेव्हा भारत एकही आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना खेळला नव्हता. तो योग १३ जुलै १९७४ रोजी लीड्सला आला. कर्णधार अजित वाडेकर यांनी त्या दिवशी ६७ धावा केल्या, परंतु सामना इंग्लंडने जिंकला. पुढच्या वर्षी पहिल्या विश्वचषकात लॉर्ड्‌सवर इंग्लंडने ६० षटकांत ३३४ धावा उभारल्या, तेव्हा भारताला ६० षटकांत अवघ्या १३२ करता आल्या. सुनील गावसकर अखेरपर्यंत खेळून ३६ धावांवर नाबाद राहिले. हा प्रकार भारतीय मनाने अद्याप स्वीकारलेला नव्हता, याचा तो पुरावा होय. देशांतर्गत स्पर्धा वर्षातून मोजक्याच दिवसांची असल्यामुळे तिचा सराव तो कितीसा होणार? १९७७-७८ पासून विल्स करंडकाची जोड मिळाली आणि रणजी स्पर्धेतील आघाडीच्या संघांना या प्रकाराची आणखी संधी लाभली. भारताच्या भूमीवर पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना अहमदाबादला झाला तो २५ नोव्हेंबर १९८१ रोजी, म्हणजे देवधर करंडक सुरू होऊन आठ वर्षे लोटल्यावर.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २५ जून १९८३ रोजी, त्याच लॉर्ड्‌सवर भारताने वेस्ट इंडीजचा ४३ धावांनी पराभव करून विश्वचषक जिंकला. सारे चित्र एका रात्रीत पालटले. नागपूरचे एन. के. पी. साळवे त्या वेळी नियामक मंडळाचे अध्यक्ष होते, आणि १९८७ चा विश्वचषक भारतीय उपखंडात आणण्याच्या प्रयत्नांत त्यांचा वाटा मोठा होता. आकाशवाणीवरील धावते वर्णन खेड्यापाड्यांत पोहोचलेलेच होते. मराठी श्रोत्यांच्या कानांत तर बाळ ज. पंडितांचा आवाज कधीपासून रुळलेला होता. आता एकदिवसीय सामना हा जनतेचा मुख्य उत्सव झाला. आंतरराष्ट्रीय सामन्यांची ही भरती आली, आणि देशांतर्गत स्पर्धेकडे पाहण्याची प्रेक्षकांची दृष्टी मात्र उदासीन होत गेली. देवधर करंडकाचे सामने रिकाम्या बाकांपुढे होऊ लागले. निवड समितीचे सदस्य तेवढे ते लक्षपूर्वक पाहत.

२४ ऑगस्ट १९९३ रोजी देवधरांचे पुण्यात निधन झाले. वयाची १०१ वर्षे त्यांनी पुरी केली होती. आयुष्याचे शतक त्यांच्या खात्यावर जमा झाले होते. त्यांच्या निधनानंतरच्या पहिल्याच हंगामात, १९९३-९४ मध्ये, मंडळाने दोन बदल केले. देवधर करंडक बाद पद्धतीऐवजी साखळी पद्धतीने खेळविण्यास आरंभ झाला, आणि रणजी स्पर्धेत खेळणाऱ्या राज्यसंघांसाठी वेगळी एकदिवसीय स्पर्धा सुरू करण्यात आली. प्रारंभी ती विभागापुरतीच असे, राष्ट्रीय विजेता ठरत नसे. २००२-०३ पासून विभागांतील अव्वल संघ एकत्र आणून राष्ट्रीय अजिंक्यपदाची सोय झाली, आणि तो पहिला मान तमिळनाडूने मिळविला. २००४-०५ चे अजिंक्यपद तमिळनाडू व उत्तर प्रदेश यांना संयुक्तपणे देण्यात आले. २००७-०८ च्या सुमारास या स्पर्धेला विजय हजारे यांचे नाव मिळाले. हजारे १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यास निवर्तले होते. १९४८ मध्ये ॲडलेडच्या कसोटीत दोन्ही डावांत शतके करणारे, आणि १९५२ मध्ये मद्रासला भारताचा पहिला कसोटी विजय कर्णधार म्हणून पाहणारे हे मितभाषी गृहस्थ. अशा रीतीने १९४० च्या महाराष्ट्र संघाचा कर्णधार आणि त्याच संघाचा त्रिशतकवीर हे एकदिवसीय क्रिकेटच्या दोन करंडकांवर पुन्हा शेजारी आले.

येथून पुढे या दोन स्पर्धांच्या वाटा विभागल्या. राज्यांची स्पर्धा वाढत गेली. २०१८-१९ मध्ये उत्तराखंड, बिहार आणि ईशान्येकडील राज्ये यांसह नऊ नवे संघ आले, आणि पुढील वर्षी संघांची संख्या ३८ झाली. देवधर करंडकाचे रूप मात्र वरचेवर बदलत राहिले. २०१५-१६ मध्ये विभाग रद्द झाले, आणि हजारे करंडकाचा विजेता संघ व ‘भारत अ’ आणि ‘भारत ब’ असे तीन संघ खेळू लागले. २०१६-१७ मध्ये तमिळनाडूने या रचनेत करंडक जिंकून दाखविला. २०१८-१९ मध्ये राज्यसंघही गेला, आणि अ, ब, क अशी तीन अक्षरे तेवढी उरली. २०१९-२० नंतर साथीच्या काळात स्पर्धा खंडित झाली. २०२३ मध्ये पुदुच्चेरी येथे ईशान्येसह सहा विभागांत ती पुन्हा भरली, आणि ३ ऑगस्टला दक्षिण विभागाने पूर्व विभागाचा पराभव केला. पन्नास वर्षांपूर्वी पहिला करंडकही दक्षिणेनेच नेला होता. २०२४-२५ च्या कार्यक्रमपत्रिकेत देवधर करंडकाला स्थान मिळाले नाही.

याचे कारण हंगामातील दाटी, असे सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. २००६-०७ पासून राज्यांची वीस षटकांची स्पर्धा आली, २००८ पासून व्यावसायिक लीग आली. दिवस तेवढेच राहिले. परंतु दाटी झाली की कोणाला उठविले जाते? ज्याच्या मागे उभे राहणारे कोणी नसते त्याला. विभागाला मैदान नाही, शाळा नाही, जिल्हा संघटना नाही. पश्चिम विभाग हरला म्हणून कोल्हापुरात वा राजकोटात कोणाचे जेवण अडले, असे झाले नाही. दुबळ्या राज्यातील गुणी खेळाडूला बलाढ्य प्रतिस्पर्ध्यापुढे उभे करण्याचे काम विभागीय स्पर्धेने चोख बजावले. मात्र ती निवडीची कसोटी होती, लोकांची स्पर्धा नव्हती. उपयुक्तता संपली असे वाटताच व्यवस्थेने ती बाजूस ठेवली.

हजारे करंडकाच्या इतिहासात याच्या उलट चित्र दिसते. १४ मार्च २०२१ रोजी दिल्लीत मुंबई व उत्तर प्रदेश यांच्यात अंतिम सामना झाला. माधव कौशिकच्या नाबाद १५८ धावांच्या बळावर उत्तर प्रदेशाने ३१२ धावा केल्या, आणि आदित्य तरेच्या नाबाद शतकाने मुंबईने सहा गडी राखून विजय मिळविला. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी अहमदाबादला उपान्त्यपूर्व फेरीत महाराष्ट्र व उत्तर प्रदेश समोरासमोर आले. महाराष्ट्राच्या ऋतुराज गायकवाडने नाबाद २२० धावा केल्या, आणि डावाच्या एकोणपन्नासाव्या षटकात, एक नोबॉल धरून, सात षटकार मारले. अंतिम सामन्यातही त्याने शतक ठोकले, परंतु करंडक सौराष्ट्राने नेला. २०२४-२५ मध्ये विदर्भ संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला. कर्णधार करुण नायरने त्या स्पर्धेत पाच शतकांसह ७७९ धावा केल्या, तरी बडोद्याच्या अंतिम सामन्यात कर्नाटक सरस ठरले. या पराभवांचे दुःख पुण्यात झाले, नागपुरात झाले. दुःख करणारे गाव असणे हीच स्पर्धेच्या आयुष्याची खरी हमी होय.

२३ सप्टेंबर २०२३ रोजी काशीजवळ गंजारी येथे आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदानाची पायाभरणी झाली. अशा मैदानावर एखाद्या दिवशी महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश यांचा हजारे करंडकाचा सामना होणे अशक्य नाही. त्या दिवशी मंगळागौरीच्या गल्लीतील एखादा मुलगा कोणाचा जयजयकार करील, हे त्याचे त्यानेच ठरवावे. त्याच्यापुढे तिढा पडावा, यातच या खेळाचे मोठेपण आहे. कारण तिढा पडतो तो दोन्ही बाजूंना आपले कोणी असते म्हणून. मात्र सांगलीच्या हजाऱ्यांचे नाव उच्चारताना त्याच्या घरातील वडीलधाऱ्यांनी त्याला आणखी एक नाव सांगावयास हवे. ज्या कर्णधाराच्या हाताखाली हजाऱ्यांनी पुण्यात त्रिशतक केले, ज्याने संयुक्त प्रांताला हरवून करंडक मिळविला, तो संस्कृतचा प्राध्यापक पुण्यात राहत असे. त्याच्या नावाचाही एक करंडक होता. तो पन्नास वर्षे या देशाच्या मैदानांवर फिरला, आणि त्याची भांडी घासून कपाटात ठेवण्याची वेळ आली ती त्याच्यात काही उणे होते म्हणून नव्हे, तर त्याला स्वतःचे असे घर कोणी दिले नाही म्हणून.